एका कॉम्प्युटरमध्ये दोन ग्राफिक्स कार्ड: वेग खरंच दुप्पट होतो का?

मावसभाऊ ॲनिमेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० कार्ड आहे. मध्यंतरी त्याचा फोन आला, "ताई, अगदी तेच कार्ड सेकंडहँड मिळतंय. दोन लावली की सगळं डबल ना? गेमपण आणि रेंडरपण?"

पैसे त्याने दिवाळीपासून साठवले होते. त्यामुळे "घेऊन बघ" असं म्हणायची माझी तयारी नव्हती. उत्तर शोधायला बसले तेव्हा लक्षात आलं की हा प्रश्न अनेकांना पडतो. कुणाकडे नवीन कार्ड घेतल्यावर जुनं कपाटात पडून असतं, कुणाला घरीच एआय मॉडेल चालवायचं असतं, तर कुणी मदरबोर्डवर दुसरा रिकामा स्लॉट पाहून विचार करत असतं की तो दिलाय कशासाठी.

थोडक्यात उत्तर असं: गेमसाठी दोन कार्डं जोडण्याचा काळ संपला आहे. पण काही ठरावीक कामांसाठी दोन कार्डं आजही भरपूर उपयोगी पडतात. तुमचं काम कोणत्या गटात बसतं आणि तुमचा कॉम्प्युटर दुसरं कार्ड पेलू शकतो का, हे दोन प्रश्न सुटले की पैसे कुठे घालायचे ते आपोआप ठरतं.

दोन कार्डांची कल्पना आली कुठून?

ग्राफिक्स कार्डाचं मूळ काम स्क्रीनवरचं चित्र तयार करणं. गेममध्ये हे चित्र सेकंदाला ३०, ६०, कधी १०० पेक्षा जास्त वेळा नव्याने काढावं लागतं. अशा प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. एक कार्ड कमी पडत असेल तर दोघांनी मिळून काम करावं, हा विचार साहजिकच होता.

१९९८ मध्ये थ्रीडीएफएक्स या अमेरिकी कंपनीने व्हूडू २ हे कार्ड आणलं. अशी दोन कार्डं एका छोट्या पट्टीसारख्या केबलने जोडता यायची. एक कार्ड चित्रातल्या विषम क्रमांकाच्या ओळी काढायचं, दुसरं सम क्रमांकाच्या. या पद्धतीला स्कॅन लाइन इंटरलीव्ह, म्हणजेच एसएलआय म्हणत. एका कार्डावर ८०० बाय ६०० पर्यंत चालणारा गेम दोन कार्डांवर १०२४ बाय ७६८ मध्ये खेळता यायचा. व्हूडू २ फक्त थ्रीडी चित्रं काढायचं, त्यामुळे साध्या कामासाठी आणखी एक कार्ड लागायचंच. म्हणजे हौशी माणसाच्या कॉम्प्युटरमध्ये तेव्हा एकूण तीन कार्डं असायची!

पुढे थ्रीडीएफएक्स अडचणीत आली आणि तिचं तंत्रज्ञान एनव्हिडियाने विकत घेतलं. २००४ मध्ये एनव्हिडियाने एसएलआय हीच अक्षरं ठेवून नवं तंत्र आणलं. आता त्यांचा अर्थ स्केलेबल लिंक इंटरफेस असा होता. २००५ मध्ये एटीआय या प्रतिस्पर्धी कंपनीने क्रॉसफायर आणलं. २००६ मध्ये एएमडीने एटीआय विकत घेतली आणि क्रॉसफायर एएमडीचं झालं. पुढची दहा-बारा वर्षं गेमिंगच्या दुनियेत दोन, तीन, अगदी चार कार्डांचे कॉम्प्युटर हा मिरवण्याचा विषय होता.

मग वेग दुप्पट का व्हायचा नाही?

इथे काम वाटून घेण्याची पद्धत समजून घ्यावी लागते. नंतरच्या काळात सगळ्यात जास्त वापरली गेलेली पद्धत म्हणजे आळीपाळीने फ्रेम काढणं. पहिलं कार्ड १, ३, ५ क्रमांकाच्या फ्रेम काढणार आणि दुसरं २, ४, ६ क्रमांकाच्या. दोन आचारी एकाआड एक पोळी लाटतायत, असं समजा. कागदावर हिशेब सोपा आहे: दोन आचारी, दुप्पट पोळ्या.

पहिली अडचण तालाची होती. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर दर १६ ते १७ मिलिसेकंदांनी एक फ्रेम यायला हवी. पण दोन कार्डांचा ताल जुळला नाही, तर एक फ्रेम ५ मिलिसेकंदांत यायची आणि पुढचीला २८ मिलिसेकंद लागायचे. सरासरी काढली तर आकडा ६० चाच दिसायचा, डोळ्यांना मात्र चित्र अडखळल्यासारखं वाटायचं. याला मायक्रो स्टटर म्हणतात. फ्रेम वाढल्याचा आकडा कोपऱ्यात दिसतोय आणि तरीही गेम जड वाटतोय, ही तक्रार त्या काळी सर्रास ऐकू यायची.

दुसरी अडचण गेमच बदलल्यामुळे आली. आताचे गेम प्रत्येक फ्रेम कोऱ्या पाटीवर काढत नाहीत. कडा गुळगुळीत करण्यासाठी किंवा कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करण्यासाठी ते आधीच्या फ्रेममधली माहिती पुन्हा वापरतात. एनव्हिडियाचं डीएलएसएस हे तंत्रही असंच चालतं. आता विचार करा: दुसऱ्या कार्डाला २ क्रमांकाची फ्रेम काढायची आहे, पण त्यासाठी लागणारी १ क्रमांकाची फ्रेम पहिल्या कार्डाच्या मेमरीत आहे. ती मागवा, वाट पाहा, मग काम सुरू करा. दुसरी पोळी लाटायला पहिली भाजून व्हायची वाट बघावी लागली, तर दोन आचारी ठेवून उपयोग काय?

तिसरी अडचण मेहनतीची होती. एसएलआय आणि क्रॉसफायर आपोआप चालत नसत. एनव्हिडिया आणि एएमडीला जवळपास प्रत्येक गेमसाठी ड्रायव्हरमध्ये वेगळं प्रोफाइल तयार करावं लागायचं. गेम बाजारात यायचा, प्रोफाइल काही आठवड्यांनी यायचं, आणि तोपर्यंत दुसरं कार्ड नुसतं बसून असायचं.

शेवट कसा झाला?

२०१५ मध्ये विंडोज १० बरोबर डायरेक्टएक्स १२ आलं. त्यात वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डंसुद्धा एकत्र वापरण्याची सोय होती. ॲशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी या गेममध्ये एएमडी आणि एनव्हिडिया अशी दोन कार्डं एकत्र चालवून दाखवली गेली, तेव्हा मोठं कौतुक झालं. पण या सोयीसोबत एक जबाबदारीही आली. दोन कार्डांमध्ये काम कसं वाटायचं, हे आता ड्रायव्हरऐवजी गेम बनवणाऱ्याने स्वतः लिहायचं होतं. दोन कार्डं असलेले ग्राहक मूठभर. त्यांच्यासाठी एवढा खर्च कोण करणार? मोजके गेम सोडले तर कुणी केला नाही.

मग कंपन्यांनीही हात आखडता घेतला. २०१६ मध्ये एनव्हिडियाने जीटीएक्स १०६० या मधल्या किमतीच्या कार्डावर एसएलआयची सोयच दिली नाही. २०१८ पासून आरटीएक्स मालिकेत एनव्हीलिंक हा नवा, वेगवान जोड आला, पण तो निवडक महागड्या कार्डांपुरताच. आरटीएक्स ३० मालिकेत तो फक्त ३०९० आणि ३०९० टीआय या दोन कार्डांवर राहिला. १ जानेवारी २०२१ पासून आरटीएक्स २० मालिका आणि त्याआधीच्या कार्डांसाठी नवी एसएलआय प्रोफाइल देणं एनव्हिडियाने थांबवलं. २०२२ मध्ये आलेल्या आरटीएक्स ४० मालिकेत तर ४०९० वरही जोड नव्हता. एएमडीनेही २०१७ मध्ये वेगा मालिकेपासून क्रॉसफायर हे नाव बाजूला ठेवलं होतं.

म्हणून आज कुणी "दुसरं कार्ड लाव, गेम डबल पळेल" असं सांगत असेल, तर ती माहिती जुनी आहे. आरटीएक्स ३०६० वर जोडाची जागाच नाही. आजच्या गेमला अशी दोन कार्डं दिली, तर तो एकच वापरतो.

दोन कार्डांच्या मेमरीची बेरीज होते का?

सगळ्यात जास्त गैरसमज याच बाबतीत आहे. ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी असते, तिला व्हीरॅम म्हणतात. १२ जीबीची दोन कार्डं लावली म्हणजे २४ जीबीचं एक मोठं कार्ड तयार होत नाही. त्या १२ जीबीच्या दोन वेगवेगळ्या खोल्या राहतात. एसएलआयच्या काळातही गेमचा सगळा माल दोन्ही खोल्यांमध्ये वेगवेगळा ठेवावा लागायचा, त्यामुळे उपयोगात येणारी मेमरी एका कार्डाइतकीच असायची.

बेरीज होते की नाही, हे सॉफ्टवेअर ठरवतं. काम दोन तुकड्यांत फोडून प्रत्येक तुकडा वेगळ्या कार्डावर ठेवता येत असेल, तर दोन्ही खोल्या मिळून वापरता येतात. पुढची उदाहरणं वाचताना हा फरक लक्षात ठेवा.

आज दोन कार्डं कुठे कामाला येतात?

थ्रीडी रेंडरिंग. इथे दोन कार्डांचा फायदा सगळ्यात स्पष्ट दिसतो. ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमधलं सायकल्स हे रेंडर इंजिन एकाच चित्राचं काम दोन कार्डांत वाटतं. चित्राच्या एका भागाचा हिशेब दुसऱ्या भागावर फारसा अवलंबून नसल्यामुळे दोन सारखी कार्डं असतील तर वेळ जवळपास निम्म्यावर येतो. मात्र संपूर्ण सीन प्रत्येक कार्डाच्या मेमरीत बसावा लागतो. सीनला १५ जीबी लागत असतील, तर १२ जीबीच्या दोन कार्डांनी तो प्रश्न सुटत नाही. आणखी एक गोष्ट: ब्लेंडरचंच ईव्ही हे दुसरं इंजिन एकाच कार्डावर चालतं. तुमचं बहुतेक काम ईव्हीमध्ये असेल, तर दुसऱ्या कार्डाचा उपयोग नाही.

ॲनिमेशन करणाऱ्यांसाठी एक युक्ती आहे. ब्लेंडर दोनदा उघडायचं आणि प्रत्येकाला एकेक कार्ड द्यायचं. आउटपुट सेटिंगमध्ये ओव्हरराइट बंद आणि प्लेसहोल्डर्स चालू ठेवलं, तर एकाने हातात घेतलेली फ्रेम दुसरा सोडून देतो आणि पुढची घेतो. शेकडो फ्रेमच्या कामात ही पद्धत चांगली चालते.

घरच्या घरी एआय मॉडेल. चॅटजीपीटीसारखी उत्तरं देणारी, पण स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालणारी खुली मॉडेल्स वापरणाऱ्यांची संख्या वाढते आहे. इथे मेमरीची बेरीज खऱ्या अर्थाने कामी येते. मॉडेल अनेक थरांचं बनलेलं असतं. लामा सीपीपी, ओलामा, एलएम स्टुडिओ यांसारखी साधनं अर्धे थर एका कार्डावर आणि अर्धे दुसऱ्यावर ठेवू शकतात. ७० अब्ज पॅरामीटरचं मॉडेल चार बिटमध्ये आकसवलं तरी त्याला सुमारे ४० जीबी जागा लागते. २४ जीबीच्या एका कार्डात ते बसत नाही, अशा दोन कार्डांत बसतं. ३०९० हे जुनं कार्ड सेकंडहँड बाजारात अजूनही भाव खाऊन आहे, त्याचं मोठं कारण हेच.

इथेही वेग दुप्पट होईल अशी अपेक्षा ठेवू नका. थरांची अशी विभागणी केल्यावर आधी पहिलं कार्ड काम करतं आणि मग दुसरं. म्हणजे मोठं मॉडेल बसतं, पण छोटं मॉडेल दुप्पट वेगाने धावत नाही. दोन्ही कार्डांना एकाच वेळी कामाला लावणाऱ्या पद्धतीही आहेत, पण त्यांना कार्डांमधला रस्ता रुंद लागतो आणि त्या बसवायला थोडी जास्त माहिती लागते.

व्हिडिओ एडिटिंग. दाविंची रिझॉल्व्ह एकापेक्षा जास्त कार्डं वापरतं, पण त्यासाठी स्टुडिओ ही विकतची आवृत्ती लागते. रंगसंगती आणि नॉइज रिडक्शनच्या जड कामात फरक जाणवतो. साध्या कापाकापीत फारसा नाही.

फ्रेम जनरेशन. गेमच्या बाबतीत उरलेली ही एक खिडकी. लॉसलेस स्केलिंग या छोट्या विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये मुख्य कार्ड गेम चालवतं आणि दुसरं कार्ड मधल्या कृत्रिम फ्रेम तयार करतं. कपाटात पडलेल्या जुन्या कार्डाचा हा बरा उपयोग आहे. पण यातून वाढलेल्या फ्रेम दिसायला गुळगुळीत असल्या, तरी बटण दाबल्यावर मिळणारा प्रतिसाद त्यामुळे जलद होत नाही. उलट थोडा उशीर वाढतो. निशाणेबाजीच्या स्पर्धात्मक गेमसाठी हा उपाय नाही.

जास्त स्क्रीन आणि वेगळी कामं. पाच-सहा मॉनिटर लावायचे असतील, तर दुसरं साधं कार्ड पुरतं. लिनक्स वापरणारे काही जण एक कार्ड लिनक्ससाठी ठेवतात आणि दुसरं व्हर्च्युअल मशीनमधल्या विंडोजला देतात. रेंडर एका कार्डावर लावून दुसऱ्यावर रोजचं काम सुरू ठेवणं, हाही रास्त वापर आहे.

मदरबोर्ड दुसरं कार्ड पेलेल का?

मदरबोर्डवर दोन लांब स्लॉट दिसले म्हणून दोन्ही सारखे असतात असं नाही. ग्राफिक्स कार्ड पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये बसतं आणि त्यातून माहिती लेनमधून जाते. लेन म्हणजे रस्त्यावरच्या मार्गिका. घरगुती प्रोसेसरकडे ग्राफिक्ससाठी साधारण १६ लेन असतात. महागड्या मदरबोर्डवर या १६ लेन दोन कार्डांत आठ-आठ अशा वाटता येतात. स्वस्त आणि मधल्या किमतीच्या बोर्डांवर पहिल्या स्लॉटला सगळ्या १६ मिळतात. दुसरा स्लॉट लांबीला तेवढाच दिसतो, पण आत बहुतेक वेळा चारच लेन असतात आणि त्याही चिपसेटच्या वळणाने जाणाऱ्या. एसएसडी, यूएसबी आणि नेटवर्कची वाहतूकही त्याच रस्त्याने असते.

याने किती फरक पडतो, ते कामावर अवलंबून आहे. सायकल्समध्ये सीन एकदा कार्डावर चढला की बाकी हिशेब कार्डाच्या आतच होतो. त्यामुळे चार लेन असल्या तरी सुरुवातीला सीन चढायला थोडा वेळ जातो, पुढे फारसं बिघडत नाही. थर वाटून चालवलेल्या एआय मॉडेलचंही तसंच. पण दोन कार्डांत सतत देवाणघेवाण होत असेल, तर चार लेनचा रस्ता तुंबतो.

नक्की काय आहे ते पाहायला मदरबोर्डचं मॉडेल नाव शोधा आणि कंपनीच्या वेबसाइटवर स्पेसिफिकेशनमध्ये एक्स्पान्शन स्लॉट हा भाग वाचा. दुसऱ्या स्लॉटसमोर एक्स ८ लिहिलंय की एक्स ४, हे तिथे कळतं. काही बोर्डांवर दुसऱ्या एम डॉट टू जागेत एसएसडी लावली की हा स्लॉट बंद होतो. तीही टीप तिथेच असते.

एसएमपीएस, वीज आणि बिल

दुसऱ्या कार्डाचा खर्च कार्डाच्या किमतीवर थांबत नाही. आरटीएक्स ३०६० पूर्ण ताकदीने चालताना सुमारे १७० वॉट घेतं. दोन म्हणजे ३४० वॉट. त्यात प्रोसेसर, पंखे, डिस्क मिळून १५० वॉट धरा. साध्या कॉम्प्युटरमधला ५५० वॉटचा एसएमपीएस काठावर येतो. किमान ६५० आणि शक्यतो ७५० वॉटचा चांगल्या कंपनीचा एसएमपीएस हवा. ३०९० एकटंच ३५० वॉट घेतं, त्यामुळे तशा दोन कार्डांसाठी १२०० वॉटच्या आसपास विचार करावा लागतो.

वायरिंगमध्ये तीन गोष्टी पाळा. प्रत्येक कार्डाला एसएमपीएसपासून स्वतंत्र केबल द्या. जोडणी कमी पडते म्हणून स्वस्त कन्व्हर्टर लावू नका. आणि सुट्या केबलवाला एसएमपीएस बदललात, तर जुन्याच्या केबल नव्याला लावू नका. एसएमपीएसकडच्या टोकाची रचना प्रत्येक कंपनीत, कधीकधी प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळी असते. केबल बसते, पण चुकीच्या पिनला चुकीचा व्होल्टेज गेला तर कार्ड आणि मदरबोर्ड दोन्ही जळू शकतात.

आता बिल. एक हजार वॉट एक तास चाललं की एक युनिट. १७० वॉटचं जास्तीचं कार्ड रोज रात्री आठ तास रेंडर करत असेल, तर दिवसाला १.३६ युनिट, म्हणजे महिन्याला साधारण ४१ युनिट वाढतात. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटनंतर पुढचा टप्पा लागतो आणि ३०० नंतर आणखी वरचा. तुमचं घर आधीच टप्प्याच्या काठावर असेल, तर ही ४१ युनिट महागाच्या दराने पडतील. मागच्या बिलावरचा आकडा एकदा बघून घ्या.

यूपीएसचाही विचार करा. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा छोटा यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंतच टिकतो. दोन कार्डं पूर्ण भारावर असताना वीज गेली, तर तो काही मिनिटं वेळ देण्याऐवजी लगेच बंद पडेल आणि रात्रभराचं रेंडर जाईल. म्हणून रेंडर थेट व्हिडिओ फाइलमध्ये न करता सुट्या चित्रांमध्ये करा. झालेल्या फ्रेम तरी वाचतात.

उन्हाळ्यात काय?

कॉम्प्युटर जितकी वीज घेतो, ती जवळपास सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते. दोन ३०९० म्हणजे ७०० वॉटचा हीटर. नागपूर, अकोला किंवा जळगावच्या मे महिन्यात तो बंद खोलीत चालवून बघण्याची हौस कुणाला नसेल.

कॅबिनेटमध्ये आणखी एक अडचण असते. आजची कार्डं दोन ते तीन स्लॉट जाडीची असतात. दोन कार्डं एकाखाली एक चिकटून बसली, की वरच्या कार्डाच्या पंख्यांना खालच्या कार्डाची गरम हवा ओढावी लागते. तापमान वाढलं की कार्ड स्वतःहून वेग कमी करतं, म्हणजे पैसे देऊन घेतलेला वेग तिथेच जातो. दोन कार्डांमध्ये निदान एका स्लॉटची मोकळी जागा हवी आणि कॅबिनेटच्या पुढून थंड हवा आत येऊन मागून बाहेर जायला वाट हवी. छोट्या मायक्रो एटीएक्स बोर्डावर दुसरा स्लॉट बहुतेक अगदी तळाशी असतो. तिथे जाड कार्ड एसएमपीएसच्या कव्हरला आपटतं, म्हणून आधी पट्टी घेऊन अंतर मोजा.

दोन वेगळी कार्डं चालतात का?

चालतात. एक एनव्हिडियाचं आणि एक एएमडीचं असलं, तरी विंडोज १० आणि ११ मध्ये दोन्हींचे ड्रायव्हर एकत्र राहू शकतात. मात्र एकाच कामासाठी दोघांना जुंपता येईलच असं नाही. सायकल्समध्ये एनव्हिडियासाठी ऑप्टिक्स किंवा कूडा आणि एएमडीसाठी एचआयपी असा एकच पर्याय निवडावा लागतो, त्यामुळे एका रेंडरमध्ये दोन कंपन्यांची कार्डं एकत्र येत नाहीत.

एकाच कंपनीची, पण कमी-जास्त ताकदीची दोन कार्डं एकत्र काम करतात. पण सीन लहान कार्डाच्या मेमरीत बसला नाही, तर त्या रेंडरला ते कार्ड बाजूलाच ठेवावं लागतं.

कदाचित तुमच्याकडे आत्ताच दोन ग्राफिक्स असतील. अनेक प्रोसेसरमध्ये आतच साधं ग्राफिक्स असतं. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स या भागात जीपीयू ० आणि जीपीयू १ अशा दोन नोंदी दिसतात का पाहा. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले आणि मग ग्राफिक्स इथे जाऊन कोणतं सॉफ्टवेअर कोणत्या ग्राफिक्सवर चालवायचं ते ठरवता येतं. मॉनिटरची केबल मुख्य कार्डालाच लावली आहे ना, तेही बघा. ती मदरबोर्डच्या पोर्टला लागलेली असणं ही अगदी नेहमीची चूक आहे.

सेकंडहँड कार्ड घेताना

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस चाललेली असंख्य कार्डं बाजारात आली. त्यातली कितीतरी आजही हातोहात फिरतायत. मायनिंगला वापरलेलं कार्ड वाईटच असेल असं नाही, पण त्याचे पंखे आणि थर्मल पॅड झिजलेले असू शकतात.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घ्या, पुण्यात घ्या किंवा ऑनलाइन ओळखीतून घ्या, कार्ड चालू असलेलं स्वतः बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. निदान २० मिनिटं पूर्ण भारावर चालवा. स्क्रीनवर ठिपके, रेघा येतात का, पंख्याचा खरखर आवाज येतो का, तापमान किती चढतं, ते पाहा. जीपीयू झेड हे मोफत सॉफ्टवेअर जवळ ठेवा. जुन्या कार्डावर नव्या मॉडेलचं नाव चढवून विकलं जात असेल, तर ते बऱ्याचदा त्यात पकडलं जातं. मूळ बिल मागा आणि सीरियल नंबरवरून वॉरंटी शिल्लक आहे का ते तपासा.

मग घ्यायचं की नाही?

फक्त गेम खेळायचे असतील, तर दुसरं कार्ड घेऊ नका. जुनं विका आणि त्यात भर घालून एकच जास्त ताकदीचं कार्ड घ्या. कमी वीज, कमी उष्णता, शून्य कटकट.

रेंडरिंग करत असाल आणि सीन सध्याच्या कार्डाच्या मेमरीत बसत असतील, तर दुसरं सारखं कार्ड हा पैसे वसूल करणारा पर्याय आहे. सीनच बसत नसतील, तर जास्त मेमरीचं एक कार्ड बघा.

मोठी एआय मॉडेल्स चालवायची असतील, तर दोन कार्डं हा एका महागड्या कार्डापेक्षा स्वस्त मार्ग ठरू शकतो. फक्त एसएमपीएस आणि हवेचा हिशेब आधी करा.

कपाटात जुनं कार्ड असेल आणि एसएमपीएस पुरेसा असेल, तर लावून बघायला काही जात नाही.

मावसभावाने शेवटी विकत घेण्याआधी मित्राचं ३०६० एका संध्याकाळपुरतं मागून आणलं. मित्राचा ७५० वॉटचा एसएमपीएसही त्याच्या स्वतःच्या केबलसकट आणला. गेममध्ये एका फ्रेमचाही फरक पडला नाही. ब्लेंडरमध्ये त्याच्या प्रोजेक्टच्या फ्रेमला लागणारा वेळ मात्र जवळपास निम्मा झाला, आणि कॅबिनेटचं झाकण बंद केल्यावर वरचं कार्ड चांगलंच तापलं. त्या संध्याकाळी त्याला तीन गोष्टी कळल्या: कार्ड रेंडरसाठी घ्यायचं, गेमसाठी नाही, त्याआधी एसएमपीएस बदलायचा, आणि पुढच्या बाजूला दोन पंखे लावायचे. साठवलेले पैसे या सगळ्याला एकदम पुरणार नव्हते, म्हणून त्याने सुरुवात एसएमपीएसपासून केली. दुसऱ्या कार्डासाठी तो सेमिस्टर संपायची वाट बघतोय.

तुमच्याही ओळखीत कुणाकडे कार्ड असेल, तर खरेदीआधी एक संध्याकाळ मागून बघा. तुमच्या कॉम्प्युटरवर, तुमच्या कामात काय फरक पडतो, ते तिथेच कळेल.